मेंदूंतील झाडलोट

ठाणे जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या डोंगराळ तालुक्यांत भात पिकविणारे पुष्कळ शेतकरी पावसाळ्यापूर्वीं एक काम अजूनही न चुकतां करितात. त्याला राब भाजणें म्हणतात. ज्या तुकड्यांत भाताचें रोप तयार करावयाचें, त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर घालून ते सावकाश जाळतात. तणाचें बीं त्यांत मरतें, जमीन मोकळी होते आणि राखेंतून कोवळ्या रोपाला खत मिळतें. कसाऱ्याच्या गाडीनें जाणाऱ्या शहरी प्रवाशाला उन्हाळ्याच्या अखेरीस दिसणारे ते काळे चौकोन ओसाड वाटतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनें मात्र येत्या पिकाचा आरंभ तेथेंच झालेला असतो.

असेंच एक काम आपल्या प्रत्येकाच्या डोक्यांत, जन्माच्या आधींपासून अखेरच्या श्वासापर्यंत, अहोरात्र चाललेलें असतें. मेंदूच्या पेशी आपल्या आंतील जुनें, बिघडलेलें व निरुपयोगी झालेलें सामान मोडून काढतात आणि त्याच सामानांतून नवें उभारतात. या क्रियेला शास्त्रांत स्वभक्षण असें नांव आहे. नांव भीतिदायक आहे, परंतु क्रिया मोठी उपकारक आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक झाल्यावर याच दोन तालुक्यांतील शाळांत मुलांना शिकविण्यांत माझी हयात गेली. ज्या मेंदूला आपण जन्मभर शिकवीत आलों तो घडतो तरी कसा, हें जाणण्याच्या इच्छेनें मीं या विषयाचें वाचन केलें. त्यांतील जें निश्चित आहे, तेवढेंच आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम ही क्रिया कशी चालते तें पाहूं. पेशी म्हणजे एक लहानसें नांदतें घर समजा. तिच्यांत हजारों प्रकारचीं प्रथिनें कामाला असतात, शक्ति निर्माण करणारे मायटोकॉन्ड्रिया नांवाचे कण असतात. हीं सारीं वापरून झिजतात, वांकडीं होतात, एकमेकांस चिकटून बसतात. मग पेशीच्या आंत एक पातळ दुपदरी पडदा उत्पन्न होतो. तो वाडग्यासारखा वाढत जातो आणि टाकाऊ सामानाला कवेंत घेऊन मिटतो. त्याचें एक गाठोडें बनतें. हें गाठोडें पुढें लायसोसोम नांवाच्या पिशवीशीं एकरूप होतें. त्या पिशवींत तीव्र पाचक द्रव्यें असतात. त्यांच्या योगानें सामान विरघळतें आणि त्याचे मूळ घटक पेशीला परत मिळतात. राबाची उपमा येथें थोडी अपुरी पडते, कारण राबांत पुष्कळसें द्रव्य धूर होऊन जातें. पेशीचें काम सोनाराच्या कामाशीं अधिक जुळतें. सोनार मोडका दागिना आटवितो, पण सोनें टाकून देत नाहीं.

लायसोसोमचा शोध लावणारे बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान द द्यूव यांनींच १९६३ सालीं या क्रियेला तिचें आजचें शास्त्रीय नांव दिलें. त्यांना १९७४ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. परंतु ही क्रिया कोणत्या जनुकांच्या हुकमानें चालते, हें त्यानंतर पुष्कळ वर्षें गूढच राहिलें. तें उकललें जपानांतील योशिनोरी ओसुमी यांनीं, आणि तेंही माणसाच्या शरीरांत नव्हे, तर पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या पेशींत. ज्या यीस्टमध्यें पाचक द्रव्यें नव्हतीं अशा जातीला त्यांनीं उपाशी ठेविलें. गाठोडीं तयार झालीं, पण विरघळेनात. तीं सांचून सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसूं लागलीं. १९९२ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें, आणि दुसऱ्याच वर्षीं या कामाला अवश्य असलेलीं पंधरा जनुकें हुडकून काढलीं. तशाच प्रकारचीं जनुकें पुढें माशींत, उंदरांत आणि मनुष्यांतही आढळलीं. या कार्यासाठीं ओसुमी यांना २०१६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां मेंदूकडे वळूं. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्वचेची पेशी जुनी झाली कीं गळून पडते आणि तिच्या जागीं नवी येते. मज्जापेशीचें तसें नाहीं. बहुतेक मज्जापेशी जन्मापूर्वीं तयार होतात आणि त्याच आपल्याला जन्मभर पुरवावयाच्या असतात. घर बदलतां येत नाहीं, तेव्हां झाडलोट रोजच्या रोज झालीच पाहिजे. शिवाय या पेशींची ठेवणही विलक्षण आहे. पाठीच्या कण्यांतून पायापर्यंत जाणारा एकाच पेशीचा तंतु सुमारें एक मीटर लांब असतो. त्याच्या दूरच्या टोकाला जमलेला केर गाठोड्यांत बांधून मुख्य पेशीकडे वाहून आणावा लागतो, आणि वाटेंतच तो हळूहळू पचत जातो.

ही झाडलोट थांबली तर काय होईल? २००६ सालीं जपानांतील दोन गटांनीं याचें उत्तर शोधलें. ज्या उंदरांच्या मज्जापेशींतील स्वभक्षणाचें एखादें जनुक काढून टाकिलें होतें, असे उंदीर त्यांनीं वाढविले. त्यांना दुसरा कोणताही रोग लावलेला नव्हता. तरीही त्यांच्या मज्जापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या सांचल्या, त्यांची चाल बिघडली, आणि पेशी मरूं लागल्या. विष घातलें नव्हतें. केवळ केर काढला गेला नाहीं, एवढेंच पुरें झालें.

येथपर्यंत झाली ती निगेची गोष्ट. परंतु माझ्यासारख्या शिक्षकाला याहून महत्त्वाची वाटते ती पुढची. झाडलोट ही मेंदू शाबूत ठेविते, तशीच ती मेंदू घडवितेही. आईच्या पोटांत असतांनाच याचा आरंभ होतो. २००७ सालीं इटलींतील संशोधकांनीं दाखविलें कीं अँब्रा-१ नांवाचें, स्वभक्षणाला चालना देणारें एक जनुक उंदराच्या गर्भांत निकामी केलें, तर त्या गर्भाच्या मेंदूची नळी नीट मिटत नाहीं आणि पेशींची संख्या बेसुमार वाढते. मोडण्याची शक्ति कमी झाली म्हणून बांधकाम अधिक चांगलें झालें, असें नाहीं. तें बेडौल झालें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत २००९ सालीं फळमाशीच्या पिलांवर प्रयोग झाला. मज्जातंतु जेथें स्नायूला मिळतो तेथील सांधे स्वभक्षण कमी केल्यावर खुरटले, आणि तें वाढविल्यावर विस्तारले. म्हणजे नवा सांधा उभा राहण्यासाठींही आधीं कांहीं तरी दूर व्हावें लागतें.

श्रोत्यांना येथें शंका येईल कीं माशीचा आणि आपल्या मुलांच्या अभ्यासाचा संबंध काय? संबंध असा कीं या क्रियेचीं जनुकें माशींत आणि माणसांत बव्हंशीं सारख्या कामाचीं आहेत, आणि माशीच्या पिढ्या थोड्या दिवसांत डोळ्यांदेखत पाहतां येतात. आपल्या महाराष्ट्रांतही, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत, फळमाशीच्या शरीरांतील स्वभक्षणाचा अभ्यास चालतो. ही संस्था १९४६ सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नांवाखालीं स्थापन झालेली आहे. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी जी माशी आपण हातानें हांकतों, तिच्या पोटांत व डोक्यांत आपल्याच पेशींचा कारभार वाचतां येतो, हें मुलांना अवश्य सांगावें.

आतां बालपणाकडे येऊं. शिकागो विद्यापीठांतील पीटर हुटेनलोकर यांनीं १९७९ सालीं निरनिराळ्या वयांत निवर्तलेल्या व्यक्तींच्या मेंदूंतील कपाळामागचा भाग तपासला. एका मज्जापेशीचा तंतु दुसरीला जेथें मिळतो, त्या सांध्यांची दाटी त्यांनीं मोजली. त्यांना असें आढळलें कीं ही दाटी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त, प्रौढ माणसाच्या जवळजवळ दीडपट असते, आणि तेथून सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत जाते. मूल शहाणें होत जातें तसतसे सांधे कमी होत जातात! पाटीवर प्रथम ‘क’ गिरविणारें मूल आठवा. त्याचा सारा दंड हालतो, मान हालते, जीभ बाहेर येते. वर्षभरानें तेंच मूल नुसत्या बोटांनीं लिहितें. त्यानें एक हालचाल साध्य केली, आणि दहा अनावश्यक हालचाली सोडून दिल्या. मेंदूंतील सांध्यांची छाटणी ही याच जातीची गोष्ट आहे. जे सांधे वापरांत येतात ते बळावतात. जे येत नाहींत ते काढले जातात. हें काम एकट्या स्वभक्षणाचें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मेंदूंत फिरणाऱ्या सफाई करणाऱ्या वेगळ्या पेशीही सांधे गिळून टाकतात. तथापि मज्जापेशीचें स्वतःचें स्वभक्षण त्यांतील एक मुख्य भागीदार दिसतें.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील डेव्हिड सुल्झर आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं यासंबंधीं एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. अन्य कारणांनीं निवर्तलेल्या मुलांचे व तरुणांचे मेंदू त्यांनीं तपासले. सामान्य मुलांत बाल्य संपतां संपतां सांध्यांचीं टोकें सुमारें निम्म्यानें उतरलेलीं होतीं. स्वमग्नता असलेल्यांत हीच घट अवघी १६ टक्के होती, आणि त्यांच्या मज्जापेशींत स्वभक्षण मंदावल्याच्या खुणा होत्या. उंदरांवरील प्रयोगांत रापामायसिन नांवाच्या औषधानें स्वभक्षण जागें केल्यावर छाटणी सुधारली आणि उंदरांचें वागणेंही सुधारलें. परंतु ज्या उंदरांत स्वभक्षणाचें जनुकच नव्हतें, त्यांच्यावर औषध चाललें नाहीं.

ज्यांच्या घरीं असें मूल आहे, त्या आईबापांनीं येथें थोडें थांबावें. तपासलेले मेंदू पन्नासांहूनही कमी होते. स्वमग्नतेचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांत आईच्या लाडाचा किंवा बापाच्या कडकपणाचा कांहींएक दोष नाहीं. रापामायसिन हें शरीराची रोगप्रतिकारशक्ति दाबणारें जबर औषध आहे. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना तें वैद्यांच्या देखरेखीखालीं देतात. उंदरावरील प्रयोग ऐकून कोणी आपल्या मुलाला तें देऊं पाहील, तर तें मुलाचें अहितच होईल.

मेंदू मोठेपणींही बदलूं शकतो, नवें शिकूं शकतो, जुनें टाकूं शकतो. या गुणाला आपण घडणक्षमता म्हणूं. सांधा बळकट करावयाचा तर त्याच्या पृष्ठभागावर संदेश झेलणारीं प्रथिनें वाढवावीं लागतात, आणि तो सैल करावयाचा तर तीं काढून घ्यावीं लागतात. जपानांतील तोयामा विद्यापीठांत २०१२ सालीं असें दिसलें कीं मज्जापेशीला विशिष्ट उत्तेजन दिलें असतां काढून घेतलेल्या या प्रथिनांची विल्हेवाट लावण्यांत स्वभक्षणाचा हात असतो. पुढें फ्रान्समधील संशोधकांनीं २०१९ सालीं उंदरांत याची दुसरी बाजू दाखविली. नवा अनुभव मिळाला कीं मेंदूच्या स्मरणाशीं संबंधित भागांत स्वभक्षण वाढतें. तें रोखलें तर नवी आठवण नीट बनत नाहीं. आणि म्हाताऱ्या उंदरांत तें वाढविलें तर त्यांची मंदावलेली स्मृति सुधारते. म्हणजे विसरण्याला आणि लक्षांत ठेवण्याला, दोहोंनाही, ही एकच झाडलोट लागते. आपण मात्र विस्मरणाला शत्रु आणि स्मरणाला मित्र समजून बसलों आहोंत!

यावरून गृहस्थानें काय घ्यावें? मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट उपवासाची. ओसुमी यांना पारितोषिक मिळाल्यापासून, उपाशी राहिल्यानें पेशींची सफाई होते आणि मेंदू तल्लख होतो, असें सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. एकादशी करणाऱ्यानें ती श्रद्धेनें अवश्य करावी. शास्त्राचा आधार मात्र सांभाळून घ्यावा. २००४ सालीं जपानांतील नोबोरु मिझुशिमा यांनीं उंदरांना एक-दोन दिवस उपाशी ठेवून पाहिलें. स्नायूंत आणि यकृतांत स्वभक्षण स्पष्ट वाढलें. मेंदूंत तशी वाढ आढळली नाहीं. पुढें २०१० सालीं अमेरिकेंतील एका गटाला उपाशी उंदरांच्या मज्जापेशींत वाढ दिसली. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाहीं. एवढें खरें कीं शरीर संकटकाळीं इतर अवयव मोडून मेंदूला आधीं पोसतें. तेव्हां मेंदूच्या सफाईसाठीं स्वतःला उपाशी मारण्याला आज भक्कम आधार नाहीं.

आणि वाढत्या मुलाच्या बाबतींत तर हा विचार मनांतही आणूं नये. आमच्या भागांतील आदिवासी पाड्यांवर बालकांचें कुपोषण हा जुना प्रश्न आहे. भाताचें काम संपलें कीं अनेक कातकरी कुटुंबें मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. मुलांची शाळा तुटते, आणि अंगणवाडींतील आहारही तुटतो. अशा मुलाची भूक ही सफाई नव्हे. सोनाराची उपमा येथें पुन्हां घ्यावी लागते. मोडका दागिना आटवून नवा घडवितां येतो, पण तो जुन्यापेक्षां वजनानें मोठा होत नाहीं. वजन वाढवावयाचें तर बाहेरून सोनें आणावें लागतें. मोठ्या माणसाचा मेंदू बराचसा आहे त्या सोन्यावर चालतो. बालकाच्या मेंदूला पहिल्या दोन वर्षांत वजन वाढवावयाचें असतें. त्याला प्रथिनें, लोह आणि आयोडीन बाहेरूनच मिळालीं पाहिजेत. त्या वयांत राहिलेली उणीव पुढें शाळेंत कितीही शिकविलें तरी पुरतेपणीं भरून निघणें कठीण असतें. चौथींत येऊनही जोडाक्षर न उमगणाऱ्या मुलाला मंदबुद्धि म्हणण्यापूर्वीं, दुसऱ्या वर्षीं त्याच्या ताटांत काय होतें हें विचारण्याची मला पुढें पुढें संवयच लागली होती.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. मूल पाठ केलेलें विसरलें कीं शहरांतील सुशिक्षित घरांत मोठी खळबळ उडते. एक शिकवणी असतांना दुसरी लावतात, सुटीचा दिवसही भरून टाकतात. मुलाचा मेंदू काय ठेवावें आणि काय काढावें याची निवड सतत करीत असतो, आणि ती निवड तो वापरावरून करितो. जें पुन्हां पुन्हां कामाला येईल तें टिकेल. म्हणून जें टिकावें असें वाटतें तें मुलाकडून वापरवून घ्यावें. पाढे पाठ झाले तर त्याला बाजारांत पाठवून हिशेब करावयास लावावा. कविता पाठ झाली तर ती आजीला म्हणून दाखवावयास सांगावी. बाकी जें गळून जाईल त्याबद्दल त्याला रागावूं नये. आणि रात्रीची झोंप अभ्यासासाठीं कापूं नये, कारण दिवसाचें शिकलेलें पक्कें होण्यास झोंप लागते, हें आतां चांगलें सिद्ध झालेलें आहे.

तिसरी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींची. साठी उलटली कीं आपण म्हणतों, आतां काय नवें शिकावयाचें! उंदरांवरील प्रयोगावरून माणसाला औषध मिळालें असें म्हणतां येत नाहीं. पण नव्या अनुभवानें जी झाडलोट जागी होते, ती म्हाताऱ्या मेंदूंतही अजिबात नाहींशी होत नाहीं, एवढा धीर त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. नवी भाषा, नवें वाद्य, नातवाचें गणित, कांहींही चालेल. रोज नवें कांहीं तरी हवें. जुन्याच गोष्टी जुन्याच माणसांना पुन्हां सांगत बसल्यानें तें काम होत नाहीं, हें मला स्वतःलाही लक्षांत ठेवावें लागतें.

श्रोतेहो, पेशीच्या पोटांतील हें मोडणें आणि जोडणें आपल्या हुकमानें चालत नाहीं. तें आपण थांबवूं म्हटल्यानें थांबत नाहीं, आणि वाढवूं म्हटल्यानें सहजासहजीं वाढतही नाहीं. आपल्या हातीं आहे तें एवढेंच कीं त्याला लागणारें सामान वेळेवर पुरवावें. मुरबाडच्या पाड्यावरचें मूल असो कीं मुंबईच्या चाळींतलें असो, त्याच्या मेंदूची झाडलोट निसर्ग करीतच असतो. त्याच्या ताटांत सकस अन्न, डोळ्याला पुरी झोंप आणि हाताला शिकलेलें वापरण्याची संधि देणें, हें मात्र आपलें काम आहे; आणि तें पहिल्या दोन वर्षांतच सुरू झालें पाहिजे.